उकळा, मग गाळा

मी कवी नाही, हे मला आता मान्य आहे. पण बाविसाव्या वर्षी कुणी तोंडावर तसं सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी जन्मभर अबोला धरला असता. आमच्या घराण्यात तीन पिढ्या भिक्षुकी, कारकुनी आणि मास्तरकी. वडील नगरला शाळेत मराठी शिकवत. घरच्या पत्रातसुद्धा ऱ्हस्वदीर्घ चुकला, तर उत्तर लिहिण्याऐवजी तेच पत्र तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत धाडत. अशा घरातला मी, श्लोक म्हणत वाढलेला, चालतानासुद्धा बोटांवर मात्रा मोजणारा. आणि नोकरी लागली कसली, तर देवी टोचायची! नेमणूक राजूरला.

राजूर म्हणजे आसपासच्या साऱ्या डोंगरवाड्यांचा बाजार. मीठ, मिरची, कापड, कोयता, जे हवं ते घ्यायला माणसं डोंगर उतरून यायची आणि मला बघितलं की लेकरं काखेत मारून वाट बदलायची. मला म्हणत ‘देवी डाक्तर’. मी डॉक्टर नाही, असं सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगत असे. एका बाईनं विचारलं, "मंग टोचता कशापायी?" त्या दिवसापासून मी डॉक्टर झालो.

स्वातंत्र्य येऊन थोडेच दिवस झाले होते आणि दारूबंदीचा अंमल कडक व्हायला लागला होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी केवढा मूर्ख होतो ते पुढं नीट कळेल.

त्या उन्हाळ्यात डोंगराच्या खालच्या अंगाला पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. जुलाब, उलट्या, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही. विहिरींत लाल औषध टाकायचं काम माझ्याकडं आलं. राजूरच्या विहिरी मी रंगवून काढल्या. पण वरच्या वाड्यांना विहिरी कुठल्या? त्यांचं पाणी झऱ्याचं. वाहत्या पाण्यात औषध टाकलं तर ते वाहूनच जाणार. तिथं उपाय एकच, लोकांनी पाणी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं आणि झाकून ठेवायचं. हे लोकांना सांगा म्हणून वरून छापील पत्रकांचा गठ्ठा आला. त्यातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे: ‘पेयजल प्रथमतः वस्त्रगाळ करावे व तदनंतर त्याचे यथायोग्य क्वथन करून ते आच्छादित पात्रात संग्रहित करावे.’

क्वथन म्हणजे उकळणे. मला ते वाक्य फार आवडलं, इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली. बाजाराच्या दिवशी मी हलगीवाला बोलावला, एका ओट्यावर चढलो आणि खड्या आवाजात ते वाचलं. ‘तदनंतर’वर असा काही जोर दिला की सगळा बाजार चिडीचूप झाला. मला वाटलं, लागलं! समोर तांदूळ घेऊन बसलेल्या बाईनं पाटीतले चार दाणे मुठीत घेतले आणि भक्तिभावानं विचारलं, "लगीन कुनाचं हाय, भटजी?"

बाजार खदाखदा हसला. मी संतापलो. राग हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, त्याला लांबून यावं लागत नाही. या लोकांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी हलगीवाल्याला म्हणालो. तो म्हणाला, "घडा पालथा न्हाई सायेब, तुमी वततानाच बाजूला वतताय." त्याला मी दोन शब्द सुनावले आणि खोलीवर गेलो.

पण खोलीवर गेल्यावर डोकं जरा थंड झालं. लोकांना सोपं हवं आहे ना? मग देऊ सोपं! शिवाय ठेका हवा, यमक हवं, म्हणजे तोंडात बसेल. बराच वेळ घोळवत बसलो. ‘गाळा, मग उकळा’ असं म्हटलं तर पुढं ‘टाळा’शी जुळेना, लंगडं वाटायला लागलं. तेच उलटं केलं, तर काय बहार!

उकळा, मग गाळा,
पटकीला टाळा!

आधी गाळलं काय आणि नंतर गाळलं काय, पाणी तेच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. सरकारी उपायाचा क्रम मी यमकासाठी फिरवला. हे वाचून कुणाला हसू येईल. मला त्या वेळी अंगावर काटा आला होता, आपल्याच प्रतिभेनं. मी ते कवन वडिलांना पाठवलं. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं, त्यावर दोनच शब्द होते: ‘यमक निर्दोष.’ वडिलांनी आयुष्यात माझं केलेलं ते पहिलं कौतुक. मी कागद आणले, कवनाच्या पन्नास प्रती सुवाच्य अक्षरात काढल्या आणि प्रत्येकीखाली सही ठोकली.

पुढच्या बाजारी हलगीच्या ठेक्यावर मी कवन म्हटलं. काय सांगू! सगळा बाजार डोलायला लागला. पुरुषमाणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली, कुणी डोळे मिचकावले, कुणी "पुन्यांदा!" म्हणून ओरडलं. एकानं पुढं येऊन विचारलं, "सायेब, ह्ये सरकारच म्हंतंय?"

"सरकारच म्हणतंय."

"गाळा म्हनून?"

"घरोघर गाळा!" मी गरजलो. "जो गाळणार नाही तो आपल्या लेकराबाळांचा वैरी!"

असा जयजयकार मला पुन्हा आयुष्यात मिळाला नाही. त्या डोंगरात पाण्याला गाळायचं असेल तर ‘फडकं लाव’ म्हणतात, आणि नुसतं ‘गाळणं’ म्हटलं की ते मोहाच्या दारूचं, हे मला कुणी सांगायचं? मोह नुकताच फुलून गेला होता. सरकारनं बंद केलेली वस्तू सरकारचाच माणूस हलगी वाजवून गाळायला सांगत होता. लोकांना करमणूक झाली, ती घेऊन ते घरी गेले. चेष्टा कुठली आणि खरं कुठलं हे त्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

एकजण मात्र हसला नाही. सगळ्यात उंचावरच्या वाडीतला एक म्हातारा, काळा, काटक, खांद्यावर घोंगडी. गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. त्याच्या वाडीखालच्या गावात दोन माणसं पटकीनं गेली होती आणि त्याच्या घरात सून नुकतीच बाळंत झाली होती. त्यानं फार गंभीरपणे विचारलं, "पान्याचंच म्हंताय न्हवं?"

"पाण्याचंच."

"आदी उकळायचं, मंग गाळायचं?"

"कवनातच आहे की ते, बाबा!"

"आन् पोलीस?"

मला वाटलं, म्हातारं येडं आहे. "पोलिसांनीसुद्धा गाळूनच प्यायला पाहिजे," मी म्हणालो, आणि त्याच्या हातात एक प्रत दिली. तो कागद त्यानं जपून घोंगडीत ठेवला.

पाच दिवसांनी सकाळी मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "कुठं हाय त्यो देवीवाला? भाईर ये, मुडद्या!"

दारात एक म्हातारी उभी. काष्टा मारलेलं लुगडं, अनवाणी, डोंगर उतरून आलेली. ती त्याच म्हाताऱ्याची बायको. तिनं मला काय काय म्हटलं ते सगळं लिहिता येणार नाही. मतलब एवढाच की दारूबंदीचा जमादार धूर बघून वाडीत चढला आणि तिच्या नवऱ्याला भट्टीसकट धरून घेऊन गेला. उद्या तालुक्याला उभा करणार. "तुज्या गान्यापायी माजं म्हातारं चौकीत बसलंय! आन् वाडीत आता कुनी पान्याखाली जाळ घालंना. पानी उकाळलं की पोलीस नेतो म्हंत्यात. समदी थेट झऱ्याचं पित्यात. आता बोल!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पटकी दोन कोसांवर, वाडीत बाळंतीण, आणि माझ्या एका ओळीनं तिथली उकळायची चूल विझवली होती. म्हाताऱ्याला शिक्षा झाली, तर त्या डोंगरात पुन्हा कुणी पाण्याखाली काटकी लावणार नव्हतं. अर्धी दाढी तशीच ठेवून मी चौकीवर धावलो.

तिथं जमादार मिशीला पीळ देत बसला होता आणि कोपऱ्यात म्हातारा शांतपणे उकिडवा. मी गेल्या गेल्या आवाज चढवला. माझा स्वभाव! जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि मुद्देमालातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. "ही सही कुणाची?"

मी म्हणालो, "माझी."

"अक्षर झकास आहे. उद्या तुम्हीपण चला. साक्षीदार म्हणून का आरोपी म्हणून, ते रावसाहेब ठरवतील." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं तालुक्याला गेलो. मामलेदार, म्हणजे रावसाहेब, चष्म्यावरून बघणारे, पांढऱ्याशुभ्र धोतरातले गृहस्थ. टेबलावर मुद्देमाल मांडला गेला. दोन मडकी, एकाच्या तोंडावर दुसरं बसवायचं, सांध्याला वाळलेली माती, बांबूची नळी, आणि लाखेनं तोंड बंद केलेली एक बाटली, पारदर्शक द्रवानं भरलेली.

"रावसाहेब," जमादार म्हणाला, "हा माल बघा. रंग नाही, वास नाही. आजवर एवढा शुद्ध माल या तालुक्यात पकडला गेला नाही."

"अहो, पाणी आहे ते!" मी ओरडलो.

"मग पिऊन दाखवा," जमादार म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नको. मुद्देमाल संपेल."

रावसाहेबांनी बाटली उचलली, हुंगली, परत ठेवली. त्यांच्यापुढं मोठाच पेच होता. न्याय करायचा तर चव घ्यायला हवी, आणि चव घेतली अन् दारू निघाली, तर दारूबंदीच्या खटल्यात खुद्द रावसाहेब प्यायले असं होणार. शिपायाला सांगावं तर तो आनंदानं तयार झाला, म्हणून त्याचाही भरवसा वाटेना. शेवटी म्हातारा उठला. "सायेब, निखाऱ्यावर वता. भडकला तर चूक माजी, इझला तर ह्या डाक्तरची."

शिपायानं चहाची शेगडी आणली. रावसाहेबांनी लाख फोडली आणि बाटली तिरकी केली. चर्र झालं, वाफेचा लोट उठला, निखारे काळे पडले आणि राख उडून रावसाहेबांच्या धोतरावर बसली. जमादाराचा चेहरा त्या निखाऱ्यांसारखाच झाला. माझ्या जिवात जीव आला, आणि मी चक्क टाळी वाजवली. रावसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी वाजलीच नाही.

"भांडी मात्र सराइताची आहेत, रावसाहेब," जमादार पुटपुटला.

"भांडी जुनी हायेत," म्हातारा म्हणाला, "कायदा नवा हाय."

रावसाहेब हसले नाहीत, पण चष्मा पुसायला घेतला. "काय हो बाबा, साधं पाणी प्यायला भट्टी कशाला लावलीत?"

"त्येच सांगतो की. आदी गाळायचं आसतं तर फडकं लावलं आसतं. पर ह्ये म्हनले, आदी उकळा, मंग गाळा. आदी उकळून मंग गाळत्यात ती भट्टीच. मी ह्यास्नी इचारलं, पोलीस? तर म्हनले, त्येंनीबी प्याया पायजे."

त्यात काही म्हणजे काही चूक नव्हती. रावसाहेबांनी छापील पत्रक मागवलं, ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग माझा कागद हातात घेतला. "इथं क्रम उलटा कसा झाला?"

कचेरीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. कालच्या धावपळीत अर्धीच राहिलेली माझी दाढीही त्यांनी बघितली असणार.

"बोला, अहो."

"यमकासाठी, रावसाहेब," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"गाळा, टाळा. यमक." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि त्या मारुतीच्या शेपटीला आग लागून दुसऱ्याचंच घर पेटलेलं.

रावसाहेबांनी म्हाताऱ्याला सोडून दिलं. मडकीही परत दिली. मला एवढंच म्हणाले, "तुम्ही देवी टोचा. छान टोचता, असं ऐकलंय."

परतीच्या मोटारीत म्हातारा माझ्याशेजारी बसला, मांडीवर मडकी घेऊन. मला त्याच्याकडं बघायची लाज वाटत होती. राजूरला उतरल्यावर मी म्हणालो, मी वाडीपर्यंत येतो. तो नको म्हणाला नाही. चढ लागला. मी धापा टाकत होतो, तो मडकी घेऊन सरळ चालत होता.

"बाबा, रागावलात?" मी विचारलं.

"न्हाई. पर लई सावकाश पडतं वो ते," तो म्हणाला. "भाराभर लाकडं जाळली की एक बाटली. अर्दा दीस जातो. वाडीत चाळीस तोंडं. मंग आमी ठरवलं, गाळल्यालं पानी बाळंतिनीला आन् लेकरास्नी. आमी म्हातारी झऱ्याचंच प्यायचो. आमचं काय, झालंय जगून."

मी थांबलो. एका यमकापायी ही माणसं अर्धा दिवस धुरात बसली होती, पोरांच्या तोंडी थेंब थेंब घातला होता, आणि स्वतः पटकीच्या दिवसांत झऱ्याचं पाणी प्यायली होती. मी बाजारात त्यांना पालथा घडा म्हटलं होतं. मला रडू आलं, आणि आलं ते मी लपवलं नाही.

म्हाताऱ्यानं मडकी सावरली. मग म्हणाला, "डाक्तर, तुमी सांगितलं तसं आमी केलं. आता तुमाला काय सांगायचं हुतं ते सांगा."

मी सांगितलं. अडखळत, एकेक शब्द चाचपत. एकही शब्द असा वापरला नाही ज्याला तो "म्हंजी?" म्हणाला नाही. ‘निर्जंतुक’ला म्हणाला, ‘शुद्ध’ला म्हणाला. "झऱ्याचं पानी सुदच आसतं की, देवाचं हाय," असंही म्हणाला. शेवटी मला कळलं की त्याला एकच गोष्ट कळायला हवी आहे, हातानं काय करायचं. तेवढं सांगून झाल्यावर त्यानं मान हलवली आणि पाय उचलला. घरची माणसं अजून झऱ्याचंच पाणी पीत होती. तो एकाएकी इतका भराभर चढायला लागला की मला गाठता येईना.

वाडीत पोचलो तेव्हा म्हातारी दारात बसली होती. धडधाकट. तिनं नवऱ्याला डोळे भरून बघितलं, मग मला बघितलं आणि तोंड सोडलं. खरं सांगतो, शिव्या ऐकून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मनसोक्त बोलून झाल्यावर ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. शिव्या शिव्यांच्या ठिकाणी, पण दारात आलेल्याला पाणी द्यायचं. तिनं तो माझ्यापुढं ठेवला. पाणी झऱ्याचं होतं, गार होतं, आणि मला तहान लागली होती.

म्हाताऱ्यानं तांब्यावर हात ठेवला. "थांब. नाचनीची पेज करतीस न्हवं?"

"मंग? रोजच करती."

"तशीच कर. हंड्यावर फडकं लावून पानी घे, चुलीवर ठिव, पेजेला आनतीस तसा कढ आन. खदखदू दे. मंग उतरून झाकून ठिव. फकस्त नाचनी घालू नको. ती बिगर नाचनीची पेज, ती समद्यांनी गार करून प्यायची. बाळंतिनीनं, लेकरांनी, आन् आपुनबी."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "येवडंच?"

"येवडंच."

ती माझ्याकडं वळली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. "आरं, ह्ये तर मला येतंय की! मंग माज्या म्हाताऱ्याला चौकीत कशापायी बसवलास?"

तिनं हंड्यावर फडकं लावून तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, चुलीत काटक्या सारल्या आणि फुंकणी माझ्या हातात दिली. मी खाली बसलो आणि जाळ धरेपर्यंत फुंकत राहिलो.